झिजवलेलं घड्याळ

आईचं, सुलभाताईंचं, वर्षश्राद्ध उरकलं आणि विश्वजित वडलांना कोरेगावहून लखनौला घेऊन आला. वडील म्हणजे गोपीनाथ. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. सगळी नोकरी सप्लाय डेपोत गेली: पीठ, डाळ, रॉकेल, टिनातलं दूध. गोमतीनगरच्या फ्लॅटमध्ये त्यांना स्वतंत्र खोली होती, सून मृणाल वेळच्या वेळी चहा द्यायची, आणि तरी दिवस ढकलता ढकलवत नव्हता. नात जुई मराठी सगळं समजायची, पण उत्तर द्यायची ते हिंदीत. विश्वजित चिनहटच्या एका कारखान्यात मॅनेजर होता. तो घरात असूनही नसायचा. जेवताना फोन, जेवून उठला की पुन्हा फोन.

त्यामुळे डिसेंबरात ते पार्सल आलं आणि विश्वजित चक्क जेवणाच्या टेबलाशी ठाण मांडून बसला, तेव्हा अण्णाही खुर्ची ओढून शेजारी बसले. डब्यातून निघालं एक जाडजूड घड्याळ. काळी तबकडी, काचेभोवती फिरणारी काळी कडी, वर आकडे.

"पाणबुड्यांचं घड्याळ आहे हे, अण्णा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी समुद्रात बुड्या मारणारे लोक हे घालायचे. अस्सल घ्यायचं तर हा फ्लॅट विकावा लागेल."

"मग हे नकली?"

"रेप्लिका," विश्वजित म्हणाला. "आणि मी ते असं करणार, की बघणारा ओळखणार नाही."

मग सगळा हिवाळा ते काम चाललं. नवं कोरं घड्याळ जुनं करायचं काम. बाहेरची कडी काढून विश्वजितने ब्लीचमध्ये बुडवली, काळ्याची राखाडी होईपर्यंत. तबकडीवरचे पांढरे ठिपके पिवळट करायचे होते, तर कोऱ्या चहाचं पाणी कसं घट्ट उकळायचं ते अण्णांनी दाखवलं. हजरतगंजच्या एका घड्याळजीकडून सपाट काच काढून जुन्या पद्धतीची फुगीर काच बसवून आणली. विश्वजित सँडपेपर घेऊन सगळीकडे सारखाच घासत सुटला, तेव्हा अण्णा म्हणाले, "असं नाही झिजत लेका. दिवसभर पोती हलवणाऱ्याचं घड्याळ चावीच्या बाजूनं झिजतं. इकडं जास्त घास."

विश्वजित हसला. "अण्णा, तुम्ही तर एक्स्पर्ट निघालात!"

शाळेत असताना पोरगा असा हसायचा. अण्णा संध्याकाळची वाट बघू लागले. चष्मा पुसून ठेवायचे, छोटे पेचकस कापडावर मांडून ठेवायचे. मुलाला हा खुळा नाद का लागला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नाद असेना का, त्या निमित्तानं तो शेजारी बसत होता.

एका संध्याकाळी विश्वजितने सहज विचारलं, "अण्णा, तुमचा आर्मी नंबर काय होता हो?"

"कशाला?"

"असंच. पेन्शनच्या पोर्टलवर टाकून ठेवतो."

अण्णांनी नंबर सांगितला. तो त्यांना झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आला असता.

फेब्रुवारीत एका रविवारी विश्वजितने कारखान्याच्या मालकांना, रस्तोगीजींना, जेवायला बोलावलं. रस्तोगीजींना जुन्या घड्याळांचं वेड होतं. त्यांच्या घरी महिन्यातून एकदा असल्या शौकिनांची बैठक भरायची, आणि तिथे ज्याला बोलावणं जायचं त्याचं कारखान्यात भलं व्हायचं, असं मृणाल एकदा बोलून गेली होती. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. जुई त्यांच्या पायाशी सतरंजीवर चित्र काढत होती.

कबाब आले, गप्पा झाल्या, आणि रस्तोगीजींची नजर विश्वजितच्या मनगटावर गेली.

"अरे भई, ये कहाँ से हाथ लगा?"

"ये मेरे फादर का है, सर." विश्वजितने घड्याळ उतरवून त्यांच्या हातात दिलं. "फौज में डाइवर थे. बाढ़ में, नदियों में, कितनों को निकाला. ट्रेनिंग देने आए एक अंग्रेज़ अफ़सर ने जाते-जाते दिया था इनके उस्ताद को, उस्ताद ने इनको."

अण्णांना आधी वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. रस्तोगीजींनी घड्याळ उलटं केलं. मागे काहीतरी कोरलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला.

तो अण्णांचा नंबर होता.

नंबर पुकारला तसे अण्णा खुर्चीत आपोआप ताठ झाले. त्यांचे हात मांड्यांना चिकटले. रस्तोगीजी पुढचंही वाचत होते, "डाइविंग टीम", पण तोवर त्यांनी अण्णांचं ते ताठ होणं पाहिलं होतं आणि ते भारावून उभे राहिले होते.

"बाबूजी, आप तो छुपे रुस्तम निकले! कितना नीचे तक जाते थे?"

विश्वजित अण्णांकडे पाहत होता. डोळ्यांत विनवणी होती, आणि विनवणीच्या मागे धाकही. जुईची पेन्सिल थांबली होती.

अण्णांना पोहता येत नव्हतं. गावच्या विहिरीत लहानपणी चुलत भाऊ बुडालेला पाहिल्यापासून ते कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरले नव्हते.

"काम था साब," ते म्हणाले. "जितना हुकुम होता था, उतना जाते थे."

रस्तोगीजींनी दाद दिली, असा माणूस बढाई मारत नसतो म्हणाले, वाकून अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. जाताना विश्वजितच्या पाठीवर थाप मारून पुढच्या बैठकीचं आमंत्रण देऊन गेले.

दार लागल्यावर विश्वजितने अण्णांना मिठीच मारली. "काय सांभाळलंत अण्णा! थँक्यू."

अण्णांनी त्याला हलकेच दूर केलं. "माझा नंबर का घातलास त्याच्यावर?"

"घड्याळ जुनं दिसून भागत नाही. ते कुणाचं होतं, ते लागतं."

"मग माझंच सांगायचं होतंस. लेहच्या डेपोतलं. बर्फात रस्ता बंद झाला तरी आमच्या चौक्यांवरचा एकही जवान उपाशी राहू दिला नाही आम्ही. ते सांगायचंस."

विश्वजित वैतागला. दिवसभराचा ताण होता, त्यात हे. "अण्णा, पीठ तोलणाऱ्याचं घड्याळ कोण हातात घेऊन बघतं?"

मृणाल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ताटं घेऊन आत गेली.  एवढे दिवस शेजारी बसून, चष्मा पुसून, आपण काय घडवत होतो ते अण्णांना आता कळलं, आणि ते आपल्या खोलीत गेले.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण जुईने शाळेत सांगितलं. तिच्या वर्गात आजी-आजोबांचा दिवस होता आणि बाईंनी अण्णांना बोलायला बोलावलं. जुई उड्या मारत आली. "आजोबा, आप सबको बताना, पानी के अंदर कैसा दिखता है! मैंने सबको बोल दिया है."

रस्तोगीजींसमोर जे निभलं, ते या पोरीसमोर निभेना. अण्णांनी तिला जवळ बसवलं.

"जुई, मी पाणबुड्या नव्हतो गं. मी सैनिकांच्या रेशनचं बघायचो. ते घड्याळपण माझं नाही. बाबाने मागवलंय, आणि आम्ही दोघांनी बसून ते जुनं केलंय."

जुईचा चेहरा पडला. "तो पापा ने झूठ बोला?"

अण्णांना हो म्हणवेना. तशी ती उठून धावत बापाकडे गेली. तो हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. मधलं दार उघडं होतं आणि अण्णांना सगळं ऐकू येत होतं. तिने विचारलं. लॅपटॉपवरची विश्वजितची टकटक थांबली. मग त्याचा आवाज आला, मऊ, समजावणीचा.

"बेटा, आजोबांचं आता वय झालंय ना. कधी कधी ते विसरतात. आधीचं काही आठवत नाही त्यांना, दुसरंच काहीतरी आठवतं. आपण त्यांना करेक्ट नाही करायचं. फक्त प्रेमानं वागायचं. ओके?"

अण्णा दारात जाऊन उभे राहिले. "विश्वजित."

विश्वजितने मान वर केली नाही. जुईने मात्र वळून पाहिलं, आणि त्या नजरेत रुसवा उरला नव्हता. दया होती. ती आली, अण्णांचा हात धरला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "कोई बात नहीं, आजोबा. आप टेंशन मत लो."

अण्णांनी मृणालकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एक घडी मोडली आणि परत घातली.

त्यानंतर अण्णा जे बोलतील ते पाण्यात जाऊ लागलं. किराणा संपलाय म्हणाले तर जुई जाऊन डबे उघडून बघायची. लेहच्या डेपोतलं काही सांगू लागले तर ती मान डोलवायची, आजारी माणसापुढे डोलवतात तशी. रस्तोगीजी पुन्हा आले, तेव्हा त्यांनाही सांगितलं गेलं होतं. ते अण्णांच्या कानाशी ओरडून म्हणाले, "बाबूजी, पहचाना?" अण्णांनी ओळखलं होतं, पण मान हलवायचाही त्यांना कंटाळा आला.

शाळेत अण्णा गेले नाहीत. जुई एकटीच बोलली. विश्वजितने व्हिडिओ आणून दाखवला. घड्याळ दोन्ही हातांत उंच धरून पोरगी सांगत होती, कसे तिचे आजोबा पुराच्या पाण्यात उतरायचे, कशी माणसं ओढून बाहेर काढायचे. शेवटी म्हणाली, "अब उनको कुछ याद नहीं है. इसलिए मैं याद रखती हूँ." टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या एक आजी डोळे पुसत होत्या.

"छान बोलली ना?" विश्वजित म्हणाला.

"छान बोलली," अण्णा म्हणाले. "मला कोरेगावचं तिकीट काढून दे."

विश्वजितने इकडचं तिकडचं थोडं बोलून बघितलं, उन्हाळा येतोय, एकटे कसे राहाल. पण तिकीट त्याने त्याच दिवशी काढलं.

चारबाग स्टेशनला पुण्याची गाडी लागली होती. विश्वजितने बॅग सीटखाली सारली, पाण्याची बाटली ठेवली, वाकून पायाला हात लावला. मनगटावर ते घड्याळ होतं. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवायचा असतो म्हणून ठेवला. विश्वजित समोरच्या बर्थवरच्या माणसाला हळू आवाजात काहीतरी सांगून खाली उतरला. त्या माणसाने अण्णांकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली.

जुई मात्र शेवटपर्यंत डब्यात थांबली. तिने अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात एक कागद घातला आणि वरून थोपटला. "इसको निकालना मत, आजोबा."

गाडी हलल्यावर अण्णांनी तो कागद काढला. रंगीत पेनने, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मेरे आजोबा भूल जाते हैं. ये खो जाएँ तो इस नंबर पर फ़ोन कीजिए. खाली बापाचा नंबर, आणि एक छोटा मासा काढलेला.

"आजोबा, कोणतं स्टेशन लागलं की उतरायचं, माहीत आहे ना?" समोरच्या माणसाने मराठीत, मोठ्यानं, सावकाश विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "तुम्हीच सांगा."