सवडीनं बघा, काका

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. जाळीचं दार, पितळी बटणं आणि जन्मभर त्याच चार भिंतींत वर-खाली. बाहेरचं जग मी पाहिलंच नाही. नवी होते तेव्हा केवढं कौतुक! मुलं उगाचच फेऱ्या मारायची. आता कुरकुरते म्हणून सगळे नाकं मुरडतात. मुरडू देत बापडे!

आमचे वॉचमनकाका ज्या मुलखातले, तिथं माया म्हणजे आरडाओरडा. काळजी जितकी जास्त, तितका आवाज चढा. चौथ्या मजल्यावरची नवी सून नेमकी उलट मुलखातली. तिच्याकडे वडीलधाऱ्यांना काम सांगायचं तर मऊ आवाजात, आणि गरज जितकी मोठी तितकी लहान करून. काकांनी साधं 'जेवलात का' विचारलं तरी ती दचकायची. तिनं 'नळाला पाणी नाही वाटतं' म्हटलं, की काका 'बरं' म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालायचे. मला भारी हसू यायचं.

एका सकाळी मात्र ते हसू पार आटलं. झोपलेल्या बाळाला घरात ठेवून ती मिनिटभर कचरा टाकायला खाली आली होती. परत जाताना दोन मजल्यांच्या मधोमध मी बंद पडले. काका धावत आले आणि ओरडले, "गप खाली बसा! दाराला हात लावाल तर बघा!"

काका चिडलेत असं समजून ती आणखीच मऊ झाली. "घाई नाही हं काका, सवडीनं बघा. वर थोडं काम होतं."

घाई नाही म्हटल्यावर काका आधी पाण्याचा पंप बंद करायला गेले. ती जाळीला कपाळ टेकून रडत राहिली. मला दोघांचंही बोलणं कळत होतं, पण मला तोंड कुठंय? जीव नुसता तळमळत होता.

तेवढ्यात वरून बाळाचं रडणं ऐकू आलं.

"काका! बाळ एकटंय वर! पळा!" ती अशी ओरडली, की माझी जाळी थरथरली.

काका धापा टाकत गच्चीवर पळाले आणि तिथल्या माझ्या यंत्राचं चाक हातानं फिरवून त्यांनी मला मजल्याला लावलं. ती धावली. तिनं उचललं तेव्हा बाळ पलंगाच्या अगदी कडेला आलं होतं. ते कळल्यावर काका जिन्यात बसून रडले, तेही मोठ्यानं.

आता मला काढून नवी लिफ्ट बसवणार आहेत. मित्रांनो, तिचं तेलपाणी वेळेवर करा. आणि तिच्यात कुणी अडकलं, तर त्याच्या आवाजावर जाऊ नका. घरी कोण वाट बघतंय, एवढं आधी विचारा.