गळती मी केली नाही

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तोटी आहे. बागेला पाणी घालणारी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. नव्याने बसवलेल्या खिडक्या-दारांवर बाहेरून पाणी मारायचं आणि ते आत शिरतं का ते बघायचं, हे माझं काम. स्वभावाने मी जरा तिखट आहे. तुम्हीही झाला असतात. जन्मभर खरं दाखवलं आणि जन्मभर बोलणी मात्र मीच खाल्ली.

कारखान्यात लेथवर कातून मला घडवलं. माझं तोंड करणारा कारागीर भारी चोखंदळ. फवारा एका बाजूला जरा कलला, की मला पुन्हा यंत्रावर चढवायचा. तेव्हा त्याचा राग यायचा. आता त्याची आठवण येते.

तिथून मी ताईंकडे आले. ताई म्हणजे खिडक्यांची तपासणी करणाऱ्या बाई. नळीच्या टोकाला त्या मला बसवायच्या आणि माझ्यामागच्या तबकडीवर पाण्याचा दाब बघूनच कामाला लागायच्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. पाणी खालून वर न्यायचं. आधी चौकटीचा खालचा सांधा, तिथे चांगलं रेंगाळायचं, आत कोरडं असेल तरच वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि नेमकं कुठून शिरलं ते कुणालाच कळत नाही. काम झालं की ताई मला पुसून मऊ फडक्यात गुंडाळायच्या. "माझी तोटी खोटं बोलत नाही," असं त्या चारचौघांत सांगायच्या, तेव्हा मला धन्य वाटायचं.

ज्यांनी बसवलेल्या खिडक्या गळायच्या ते मात्र माझ्यावर घसरायचे. तोटीच जुनी आहे म्हणे. एवढा पाऊस पडतो कुठे म्हणे. अरे, खिडकी तुम्ही बसवलीत की मी?

एका घराची आठवण आली की अजून माझं पितळ तापतं. तळमजल्यावरचं घर. खिडकीखाली आजोबांचा पलंग, आणि आजोबांना आपलं आपण उठता येत नव्हतं. पाऊस झाला की त्यांची गादी भिजायची. सून काकुळतीला येऊन सांगायची, की खिडकी मी लावली होती. सासूबाईंना ते पटायचं नाही. "लावलेल्या खिडकीतून पाणी येतं का कुठे? हिचं लक्ष नसतं, दुसरं काय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. आजोबांना खोकला जडला तेव्हा त्यांनी आजोबांना लेकीकडे हलवायचं ठरवून टाकलं. आजोबांना आपलं घर सोडायचं नव्हतं. पण त्यांना विचारतो कोण!

खिडकी बसवणाऱ्या कंपनीचा माणूस दर तक्रारीला यायचा, बाहेरून सिलिकॉनचा डिंक फासायचा आणि निघताना सासूबाईंना म्हणायचा, "खिडकी नीट लावत चला, आजी." झालं. सुनेच्या डोक्यावर पुन्हा खापर.

शेवटी सुनेने ताईंना बोलावलं. कंपनीचा माणूसही हजर झाला. त्याने नळी हातात घेतली, वरून दोन-चार फवारे मारले आणि म्हणाला, "बघा मॅडम, कोरडी ठणठणीत आहे." मला इतकी चीड आली, की त्याच्याच तोंडावर उडावंसं वाटलं. ताईंनी नळी काढून घेतली. पलंग बाजूला ओढायला लावला. मग म्हणाल्या, "आजी, कडी तुम्हीच लावा आणि आतच थांबा."

सासूबाईंनी कडी लावली, ओढून बघितली.

मी खालच्या सांध्यावर पाणी धरलं. आत कोरडं. कंपनीवाला हसला. ताई सावकाश वर सरकल्या, काच आणि चौकट मिळते तिथे. मित्रांनो, तिथून थोडं पाणी चौकटीत उतरतंच. त्यासाठी चौकटीच्या पोटात पन्हळ असते आणि ते पाणी परत बाहेर पडायला बाहेरच्या अंगाला, अगदी खाली, बारीक भोकं असतात. मी त्या भोकांकडे बघत होते. थेंब येईना. येणार कसा? खिडकी बसवतानाच कंपनीने ती भोकं डिंकाने बुजवली होती आणि दर तक्रारीला हा शहाणा त्यावर आणखी थापत होता. त्याला वाटलं, पाणी इथूनच आत शिरतंय. गळती थांबवायला आला आणि पाणी घरात कोंडून गेला.

आत पन्हळ भरली आणि पाणी भिंतीवरून पलंगाच्या जागेवर ओघळलं.

"बघ, आलं," आजोबा बायकोला म्हणाले. "आणि कडी तर तूच लावलीस."

सासूबाईंनी कडीला हात लावून बघितला. ती जागच्या जागी होती. सून सवयीने फडकं घेऊन वाकली, तर त्यांनी तिच्या हातातून ते घेतलं. "राहू दे. मी पुसते. इतके दिवस तूच पुसलंस." लेकीकडे हलवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

ताईंनी टोच्याने भोकं मोकळी केली. मी पुन्हा पाणी मारलं. ते भोकांतून निमूट बाहेर वाहिलं, आत एक थेंब नाही. तरी तो कंपनीवाला जाताना काय म्हणाला? "तोटीचा दाब जास्त होता." तबकडी त्याच्या नाकासमोर होती!

पुढे ताईंचे गुडघे गेले, काम सुटलं. मी हातोहात फिरत एका गोदामात आले. तिथे माझ्या पाण्याने सिमेंटची घमेली धुतात. माझं तोंड सिमेंटने अर्धं लिंपलंय. शेजारच्या नव्या इमारतीत खिडक्यांवर वरून शिंतोडे उडवून 'पास' म्हणतात, ते मला ऐकू येतं आणि मी इथे धुमसत पडते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या खिडकीखालची ती बारीक भोकं आज बघा. बुजली असतील तर मोकळी करा. आणि भिंतीला ओल आली तर घरातल्या माणसाला धारेवर धरू नका, आधी खिडकीवर पाणी मारा, खालून वर, सावकाश. त्या सुनेला सगळ्यांनी विचारलं होतं, कडी लावली होतीस का. खिडकीला कुणी काही विचारलंच नव्हतं.