जिजाबाईची सहाण

खर्र... खर्र... खर्र...

खारी गावात, महिपतच्या घरात दिवस उजाडायचा तो या आवाजानं. त्याआधी सगळं गप्प असे. चूल गार, कोंबड्या टोपलीखाली, झोळीतलं बाळ मूठ चोखत पडलेलं. मग कुणीतरी मला फळीवरून खाली घेई, माझ्यावर पाण्याचे दोन थेंब टाकी आणि ओलं हळकुंड माझ्या अंगावर गोल गोल फिरू लागे. त्या खरखरीनं झोळी हलायची. बाळाला कळायचं, आता आपल्याला कुणीतरी उचलणार.

तो आवाज माझा. मित्रांनो, मी सहाण आहे. काळ्या दगडाची, तळहाताहून जराशी मोठी, तीन बुटक्या पायांवर बसलेली. देवघरातल्या सहाणीवर चंदन उगाळतात. माझ्या वाट्याला चंदन आलं नाही, बाळांची गुटी आली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

गावोगाव फिरून पाट्याला टाकी लावणाऱ्या एका वडारणीनं मला घडवलं. उरलेल्या दगडाचं काय करायचं म्हणून तिनं मला गोल केलं, कडेला एक बारीक पन्हळ काढली आणि दोन पायली भातावर जिजाबाईच्या आईला देऊन टाकलं. जिजाबाई लग्न होऊन खारीला आली तेव्हा तिच्या पेटीत लुगड्यांच्या घडीत मी होते.

जिजाबाई म्हणजे महिपतची आई. बाळाला न्हाऊ घालावं तर तिनंच. पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं टाकायची, कढत पाण्यानं शेकायची आणि मग पदराला हात पुसून मला पुढं ओढायची. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ अशा सगळ्या मुळ्या-फळं एका फडक्यात बांधलेली असत. एकेक घ्यायची आणि माझ्यावर फिरवायची. एक गोल फेरा म्हणजे एक वेढा. कुठल्या महिन्याच्या बाळाला कशाचे किती वेढे, हे तिच्या बोटांना पाठ होतं. जायफळाला मात्र ती फार भिऊन असे. "हा झोप देतो, आन झोपेचा भरवसा न्हाय," म्हणायची आणि अर्ध्या वेढ्यावर हात थांबवायची.

शेजारच्या नवघर गावच्या बायकासुद्धा आपली किरकिरी पोरं घेऊन तिच्याकडे येत. "जिजाबाईचा हात लागला की पोर हसतं," असं म्हणत. स्तुती तिची होत असे. पण घासून घासून माझ्या मधोमध जो खळगा पडला होता, तो मला दागिन्यासारखा वाटे.

मग सून आली, शेवंती. हसरी, हडकुळी, कामाला वाघीण. तिला पहिली मुलगी झाली, सुलू. तिला जिजाबाईनंच वाढवलं. सुलू तीन वर्षांची झाली तेव्हा, सदुसष्ट साली, लवू झाला. आणि लवू रडका निघाला.

दिवाळी सरली की मिठागरं सुरू होत. शेवंती उजाडता आगरावर जाई, डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहून राशीवर टाकी. मिठानं तिच्या पावलांना भेगा पडत, त्यात पुन्हा मीठ जाई. दुपारी लवूला पाजायला धावत घरी यायची. इकडे जिजाबाईची कंबर धरलेली. लवूला खांद्यावर घेऊन ती ओटीवर येरझाऱ्या घालायची आणि सून दिसली की म्हणायची, "घे बाय तुजा भोंगा. गाडीचा भोंगा तरी टेसन आला की बंद पडतो!"

शेवंती हसायची. पण सासू खाली बसताना भिंतीला धरते, हे तिनं पाहिलं होतं. आणि मुकादम दोनदा तिला म्हणाला होता, घरीच बसायचं असेल तर टोपली दुसरीला देतो.

हे सगळं ती एक दिवस आपल्या दारात सुगंधाशी बोलली. सुगंधा तिच्या शेजारची, आगरावर तिच्याच जोडीला.

"इतकं काय रडतेस?" सुगंधा म्हणाली. तिनं कनवटीतून कागदाची पुडी काढली. आत काळ्या, मुगाएवढ्या गोळ्या होत्या. "दुधात एक घस दे फक्त. सांजेपर्यंत गुमान निजंल. माजी तिघं याच्यावरच वाढली."

"आत्याबाय न्हाय देनार. मागं शेजारनीला कशी वराडली, अफूची गोली माझ्या सहानीवर न्हाय चालनार म्हनून."

"तिला सांगतंय कोन?"

दुसऱ्या दिवशी उजाडता जिजाबाई विहिरीवर गेली आणि शेवंतीनं मला खाली घेतलं. काळी गोळी माझ्या खळग्यात एकदाच फिरली. एक घस. लवूनं ते दूध चाटलं, आईकडे बघून हसला आणि निजला. शेवंतीनं मला घाईनं धुतलं, पालथं घातलं. जाताना वाकून त्याच्या कपाळाला नाक लावलं. "बाला, आजीला जरा बसू दे रे," असं म्हणाली.

खरंच सांगते, तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

चार दिवस घर शांत होतं. जिजाबाई खूश. "शहाना झाला माजा राजा," म्हणत तिनं त्याची दृष्ट काढली.

पाचव्या दिवशी पहाटेपासून लवूला जुलाब होत होते. तो कळवळून रडत होता. शेवंतीला आगर चुकवता येईना. तिनं विचार केला, आज दुखतंय, आज एका घसानं भागणार नाही. सासू विहिरीवर गेल्यावर तिनं दोन घस दिले. मी दगड. मी काय करणार?

ती गेल्यावर घटकाभरात जिजाबाईनं मला ओढलं. जुलाबाला जायफळ, हे ती लहानपणापासून जाणत होती. एरवी अर्ध्या वेढ्यावर थांबणारा तिचा हात त्या दिवशी दोन वेढे फिरला. प्रत्येक वेढ्याला ती लवूकडे बघत होती. तो गप्प पडला होता. तिला वाटलं, रडून थकला.

आपापल्या परीनं दोघींनी त्याला बरं वाटावं म्हणूनच दिलं. एकीला दुसरीचं ठाऊक नव्हतं. मला दोघींचं ठाऊक होतं.

दुपारी शेवंती आली ती पदर दुधानं ओला झालेला. लवूला छातीशी धरलं तर तो तोंड उघडेना. ओठ निळसर झाले होते. श्वास यायचा, मग बराच वेळ यायचा नाही. शेवंतीनं किंकाळी फोडली. काय दिलं ते डॉक्टरला दाखवायला हवं, म्हणून जिजाबाईनं मुळ्यांचं फडकं आणि मला पदरात बांधलं, आणि दोघी अनवाणी रुळांचं फाटक ओलांडून धावत सुटल्या. सुलूला सुगंधाच्या दारात बसवलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी लवूच्या पापण्या वर करून पाहिल्या.

"काय दिलंत याला?"

जिजाबाईनं मला टेबलावर ठेवलं. "गुटी. आन जायफल. दोन येढे. जुलाब व्हते म्हनून."

"दोन वेढ्यांनी असं होत नाही आजीबाई. आणखी काही? अफू वगैरे?"

"अफू?" जिजाबाईची मान ताठ झाली. "माझ्या घरात? इचारा हिला."

डॉक्टरांनी शेवंतीकडे पाहिलं. मीही पाहत होते. तिचे ओठ हलले. त्या क्षणी तिनं सांगितलं असतं तर लवू वाचला असता का, मला माहीत नाही. कदाचित नसताही. पण तिनं सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि मान हलवली. नाही.

"मग जायफळच जास्त झालं," डॉक्टर चिडून म्हणाले. "या म्हाताऱ्या माणसांच्या हाती मुलं देता कशाला?"

दिवेलागणीच्या आत लवू गेला.

गावात बोललं गेलं, जिजाबाईचा हात चुकला. महिपत आईला एक शब्द बोलला नाही; त्याचं न बोलणं तिला जास्त लागलं. दहाव्या दिवशी शेवंती सासूसमोर जाऊन बसली.

"आत्याबाय, माना सांगायचंय..."

"नको सांगू," जिजाबाई म्हणाली. "ठावं हाय माना. दे शिव्या, पोटभर दे. तुजा पोर माज्या हातानं जेला."

शेवंतीनं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडली. जिजाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. शब्द मात्र आतच राहिला. एकदा आत राहिलेला शब्द रोज थोडा जड होत जातो, हे मी त्या घरात पाहिलं.

त्यानंतर मला कुणी फळीवरून काढलं नाही. नवघरच्या बायका येईनाशा झाल्या. एक आली होती, तिला जिजाबाईनं उंबऱ्यातूनच परत पाठवलं. पुढं मांजरं सुकटीच्या डब्याचं झाकण पाडू लागली, तेव्हा मला त्या झाकणावर वजन म्हणून ठेवलं. माझ्या खळग्यात धूळ साचली, मासळीचा वास बसला. सुगंधा कधी येई. माझ्याकडे बघायची, शेवंतीकडे बघायची आणि मिठाच्या गोष्टी काढायची.

चार वर्षांनी शिवा झाला. शेवंतीनं मला घासून लख्ख धुतलं, सासूपुढं ठेवलं. बाळ तिच्या पुढ्यात धरलं. जिजाबाई मागं सरकली.

"या हातानं न्हाय बाय. तूच घाल न्हाऊ."

शेवंतीला ते जमेना. पाणी कधी कढत, कधी गार. शिवा रडायचा आणि कोपऱ्यात जिजाबाई तांदूळ निवडत बसायची. तिची बोटं तांदळात गोल गोल फिरायची. पाय आपोआप लांब व्हायचे, मग ती पुन्हा जवळ घ्यायची.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला तेवढी हौस नाही. मला सुकटीच्या डब्यावर ठेवा नाहीतर अंगणात टाका. पण बाळाच्या तोंडात काय घातलं, ते घरातल्या माणसांना सांगत जा. चूक झाली असेल तर तीही सांगा, त्याच दिवशी सांगा. दगडाला साक्ष देता येत नाही. दगड फक्त झिजतो.

काल सुलू शाळेतून आली. सात वर्षांची आहे, दुसरीत जाते. शेवंती मोरीपाशी शिवाला पुसत होती, जिजाबाई परसात होती. सुलूनं दप्तर टाकलं आणि आईजवळ उकिडवी बसली. बराच वेळ शिवाच्या पायाचा अंगठा धरून होती.

"बय."

"काय गो?"

"नवघरच्या पोरी माझ्यासंगं खेलत न्हाईत. बोलतात, तुज्या आजीनं तुजा भाऊस मारला." तिनं आवाज आणखी खाली आणला. "बय, तू तर तवा व्हतीस ना? आजीनं खरंच मारला का गो?"

शेवंतीच्या हातातलं फडकं थांबलं. परसातून जिजाबाईची पावलं घराकडे येत होती. सुलू वर बघत होती, आईच्या तोंडाकडे.