तोंड आत, तोंड बाहेर

“अहो, मोठ्यानं वाचा, मागं ऐकू येत नाही!” सेक्रेटरी सावे पहिल्या रांगेतून ओरडले आणि गणपतीच्या मांडवात विद्याधर नाडकर्ण्यांनी आवाज चढवला.

त्यांची विनोदी गोष्ट मासिकात छापून आली होती. मुलुंडच्या त्या सोसायटीत आजवर कुणाचं नाव छापून आलं असेल तर ते लग्नपत्रिकेत, त्यामुळे सगळी बिल्डिंग खाली उतरली होती. गोष्टही अशाच एका सोसायटीची. तिच्यातला सेक्रेटरी सगळ्यांचं पाणी तोडून आपली टाकी भरायचा. ते ऐकून सावे मांडीवर थाप मारून हसले आणि खजिनदाराच्या कानाशी लागले, “हुबेहूब आपले जुने सेक्रेटरी रे!” वर्गणी मागायला आलं की दार न उघडणारी बाई आली, तेव्हा दोन नंबरवाल्या चार नंबरवालीकडे पाहून हसल्या आणि चार नंबरवाल्या दोन नंबरवालीकडे. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, इथे तर सगळीकडे अमावास्याच होती.

तळमजल्यावरची मालन परबही डोळ्यांना पदर लावून हसत होती. नवरा अनंत गेल्यापासून ती इतकी कधी हसली नव्हती. तेवढ्यात नाडकर्ण्यांनी पान उलटलं.

पुढे गोष्टीत एक विधवा आली. मेलेल्या नवऱ्याच्या चपला ती दाराबाहेर ठेवायची. वापरातल्या वाटाव्यात म्हणून सकाळी त्यांची तोंडं बाहेर करायची, संध्याकाळी आत. “मेल्यावर हा माणूस जितका हिंडला,” नाडकर्ण्यांनी वाचलं, “तितका जिवंतपणी कधी हिंडला नव्हता!” मांडव कोसळायचाच बाकी राहिला. या वेळी मात्र कुणाला शेजारणीकडे पाहावं लागलं नाही. सगळ्यांनी मालनकडे पाहिलं.

तिचं हसू तोंडातच राहिलं. अनंत गेला तेव्हा हॉस्पिटलातून त्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून नाडकर्ण्यांनीच आणून दिल्या होत्या. तिनंही त्यांना विश्वासानं सांगितलं होतं, “भाऊजी, माझं दार जिन्याखालचं. कोण कोण येतं-जातं. बाप्याच्या चपला दिसल्या की माणूस नीट बोलतो ना.”

दुसऱ्या दिवसापासून पोरांना खेळच मिळाला. कधी चपला जिन्यावर चढलेल्या, कधी एकीचं तोंड आत आणि दुसरीचं बाहेर. मालन मुकाट्यानं त्या सारख्या करी. पोरं ती पोरंच. पण विसर्जन झाल्यावर एक दिवस सावेंच्या टाकीला नवा पाइप बसवून उतरलेला प्लंबर तिच्या दारात थांबला. त्यानं चपलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हसला.

“काय वहिनी, साहेब हिंडायला गेले वाटतं?”

दार लावून ती कितीतरी वेळ त्याला पाठ टेकून उभी राहिली. भीती ओसरली तसा तिला संताप आला.

संध्याकाळी चपला वर्तमानपत्रात गुंडाळून ती नाडकर्ण्यांकडे गेली.

“या तुमच्याकडेच ठेवा. तुमच्या गोष्टीतल्या आहेत ना.”

नाडकर्ण्यांचा चेहरा उतरला. “वहिनी, गैरसमज होतोय तुमचा. कुणा एका माणसावर नसतं हो ते. समाजाच्या ढोंगावर बोट ठेवलंय मी.”

“ठेवलंत खरं. पण सावे हसले, भाऊजी. वर नवा पाइप पण घातला त्यांनी. ज्यांचं ढोंग त्यांना काय झालं नाय. वाट लागली ती माझी.”

चहाचं विचारायला आलेल्या नाडकर्ण्यांच्या बायको, शुभावहिनी, दारातच थांबल्या. नाडकर्णी पुडक्याकडे पाहत राहिले. मालन ते तिथेच ठेवून निघाली.

मालन खाली आली आणि सवयीनं दाराशी वाकली. खाली नुसती फरशी होती. हात तसाच राहिला आणि तिला रडू फुटलं. अनंत गेला तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. पण तो खरा गेला तो आज, असं तिला वाटलं.

स्वतःच्या चपला ती आजवर घरात काढायची. आज तिनं त्या बाहेर काढल्या आणि त्यांची तोंडं आत केली. मग आत जाऊन कडी घातली. गॅस पेटवायला निघाली, पण अर्ध्या वाटेतून परत आली आणि कडी नीट लागलीय ना, ते हात लावून पाहिलं.