आहे त्यावर विश्वास

एकतीस जुलैला संध्याकाळी सहाला बेसबॉलपटूंच्या अदलाबदलीची मुदत संपली. आमच्या रिव्हरमेन टीमचे चेंडू फेकणारे तीन पिचर जायबंदी, तरी टीमचा कर्ताधर्ता व्हिटलॉक एकही नवा खेळाडू न घेता हातावर हात ठेवून बसला. वर टीव्हीवर म्हणतो, "बाजारात सगळेच महाग होते. आहे त्या पोरांवर आमचा विश्वास आहे!" तीस वर्षं ही टीम बघतोय मी. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दुपारी त्याच्या घरचा एसी बंद पडला आणि दुरुस्तीला नेमका मी गेलो. मोटर जळली होती. नवी माझ्या गाडीत होती.

"अरे, बदल ना लवकर!" तो छताच्या पंख्याखाली घाम पुसत ओरडला.

"मोटर्स महाग झाल्यात, साहेब," मी हत्यारांची पेटी उचलत म्हणालो. "आहे त्या पंख्यावर विश्वास ठेवा."