ताईचा जबाब

बावीस वर्षांत त्याच्या हातचा एकही सांधा गळला नव्हता. तो स्वतः हे कधी सांगत नसे, लोकच सांगायचे. नळजोडणीच्या धंद्यात एवढी अब्रू कमवायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, आणि त्याचं गेलंही होतं.

बुधवारी सकाळी तो अजून चहाच पीत होता, तेवढ्यात थोरल्या बहिणीचा फोन आला.

"सोन्या, आधी इकडे ये. स्वयंपाकघरातला पाइप फुटला पहाटे. खाली बाइंडरच्या दुकानात पाणीच पाणी झालंय. आणि हे बघ, येताना तुझ्या त्या विम्याचे कागद घेऊन ये."

ताईच्या स्वयंपाकघरात नवं सिंक त्यानेच बसवलं होतं, गेल्या गुरुवारी. इतका हादरला होता, की एवढ्या गडबडीत कागदांची आठवण हिला कशी झाली, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

विमा त्याने घेतला होता तो ठेकेदारांमुळे. तो कागद दाखवल्याशिवाय मोठ्या बांधकामावर कुणी पाऊल ठेवू देत नसे. आपल्या कामातल्या चुकीमुळे तिसऱ्याच कुणाचं सामान बिघडलं किंवा कुणाला इजा झाली, तर भरपाई कंपनी देणार, असा तो विमा. आजवर त्याला कधी त्या कागदाची घडी मोडावी लागली नव्हती.

बाइंडर दुकानाच्या दारातच उभा होता. पुस्तकं बांधणारा, साठीचा, बोटांना कायम खळ चिकटलेली. आरडाओरडा करील असं वाटलं होतं, पण तो नुसता बाजूला झाला. आत छताचा एक कोपरा फुगून लोंबत होता. त्याच्या बरोबर खाली एका कॉलेजचे तीनशे बांधीव खंड रचून ठेवलेले. पुठ्ठे उकलले होते, पानं पाणी पिऊन पावासारखी टम्म झाली होती.

"शुक्रवारी द्यायचे होते," बाइंडर म्हणाला. "दीड महिना चाललं होतं."

"मी बघतो, काका. काय झालंय ते आधी बघतो."

वर येऊन तो सिंकखाली आडवा झाला. टॉर्च तोंडात धरली. फुटला होता तो पाइप नव्हे, पाइपाच्या टोकाचा चकचकीत नट. उभा तडकला होता. त्याने बोट फिरवलं आणि थांबला. नटावर चहूबाजूंनी ओरखडे होते, दातेरी पान्याचे. तो असे नट कायम सपाट जबड्याच्या पान्याने आवळायचा, तेही मध्ये फडक्याची पट्टी घालून. ती त्याची खोडच होती. मग त्याने कपाटाच्या आतल्या भिंतीवर उजेड टाकला. तिथे स्क्रूची दोन ताजी भोकं होती.

तो बाहेर आला. भावोजी टेबलाशी पेपर वाचत बसले होते. पान उलटत नव्हते.

"ताई, हा नट कुणी उघडला?"

"कोण उघडणार? तूच बसवलास ना."

"भिंतीला भोकं कसली?"

ताईने भावोजींकडे पाहिलं, मग त्याचा दंड धरून त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"हे बघ, रविवारी यांनी पाण्याचा फिल्टर बसवला. व्हिडिओ बघून. गळायला लागला म्हणून जोर लावून आवळला. आज सकाळी मीच काढून माळ्यावर टाकला."

"म्हणजे चूक भावोजींची आहे."

"अरे, पण आमचा कुठे विमा आहे? तुझा आहे. कंपनी देईल बाइंडरला. तुझ्या खिशातून थोडंच जाणार आहे?"

"ताई, माझं काम खराब होतं, असं मला लिहून द्यावं लागेल."

"मग दे ना! एकदा म्हटलं तर काय आकाश कोसळणार आहे?"

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई सतराची. शाळेचा डबा, तापातली जागरणं, पहिल्या पान्याच्या पेटीचे पैसे, सगळं हिनेच केलं होतं. हिला नाही म्हणायची जिभेला सवयच नव्हती. "बघतो" एवढंच म्हणून तो निघाला. त्या "बघतो"चा अर्थ ताईने आपल्या सोयीने घेतला आणि त्याने आणलेल्या कागदांवरून विमा कंपनीला कळवूनही टाकलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "ताईंनी सरळ खरं सांगून मदत मागितली असती तर?" ती म्हणाली.

"तर मीच बाइंडरच्या पाया पडलो असतो. काहीतरी मार्ग काढला असता."

"आता?"

"आता पुन्हा बोलतो तिच्याशी. ऐकेल ती."

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा भावोजींनी उचलला आणि ताई कामात आहे म्हणून सांगितलं.

सोमवारी विमा कंपनीची सर्व्हेअर आली. चष्मा, हातात रबरी मोजे, बोलणं मोजकं. तिने तडकलेला नट पिशवीत घातला, फोटो काढले आणि ताईच्या टेबलाशी बसून फाइल उघडली.

"यांचा जबाब आमच्याकडे आलाय," ती प्लंबरला म्हणाली. "वाचून दाखवते. तुम्हाला मान्य आहे का, तेवढं सांगा."

जबाब? त्याने ताईकडे पाहिलं. ती टेबलावरचा कपडा सरळ करत होती.

सर्व्हेअर वाचू लागली. "गुरुवारी सिंक बसवल्यापासून नट थेंब थेंब गळत होता. रविवारी दुपारी प्लंबर पुन्हा आला आणि मोठ्या पान्याने नट आवळून गेला. इतका आवळू नकोस, असं मी त्याला म्हटलंही होतं. पण तो घाईत होता."

रविवारी दुपारी त्याच्या लेकीच्या शाळेत नाटक होतं. तो तिसऱ्या रांगेत बसला होता, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत ताई बसली होती. लेक रंगमंचावर आली तेव्हा ताईने इतक्या टाळ्या पिटल्या, की पुढचे लोक मागे वळून हसले होते.

"रविवारी तुम्ही इथे आला होतात?" सर्व्हेअरने विचारलं.

आता ताईने मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं ते त्या जुन्या, ओळखीच्या नजरेने; लहानपणी बाबांपुढे त्याच्या चुका झाकताना जशी पाहायची तशी.

तिने नुसतं पदर पसरून मागितलं असतं, तर त्याने कदाचित सहीही केली असती. पण ते "तो घाईत होता", ते "मी म्हटलंही होतं" त्याच्या घशाखाली उतरेना. हिने त्याचं काम विकलं होतं, वर स्वतःला शहाणपणाची जागाही राखून ठेवली होती.

"नाही," तो म्हणाला. "मी आलो नव्हतो."

"अरे, आठव जरा," ताई पटकन म्हणाली. मग सर्व्हेअरकडे वळून, आवाज मऊ करून, "मॅडम, हल्ली विसरतो तो. कामाचा ताण फार. घाईघाईत करतो आणि मग लक्षात राहत नाही. माझाच भाऊ आहे, मला माहीत नसणार का?"

भावोजींनी घसा खाकरला आणि मान डोलावली.

त्याला हसू आलं की रडू, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने पेटी उघडली, आपला सपाट पाना आणि फडक्याची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी नट याने आवळतो. पिशवीतल्या नटावर दातेरी पान्याचे वळ आहेत. सिंकखाली भिंतीला दोन भोकं आहेत, ती मी पाडलेली नाहीत. आणि रविवारी दुपारी मी माझ्या मुलीच्या शाळेत होतो."

"सोबत कुणी होतं?"

ताई पुन्हा टेबलावरचा कपडा सरळ करू लागली.

"बायको होती," तो म्हणाला. दुसरं नाव त्याने घेतलं नाही.

सर्व्हेअर उठली, सिंकखाली वाकली, दोन फोटो आणखी काढले. परत येऊन तिने काहीतरी लिहिलं. "फिल्टर होता का इथे?" तिने सहज विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही, आणि तेवढं तिला पुरेसं असावं.

पंधरा दिवसांत कंपनीचं पत्र आलं. प्लंबरची चूक नाही, त्यामुळे भरपाई देता येत नाही. बाइंडरने वरच्या घराच्या मालकाशी पाहून घ्यावं. भावोजींनी बाइंडरशी भांडत, रखडत, हप्त्यांनी मिटवलं. त्याआधी ताईचे सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले होते. ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याने परक्या बाईसमोर बहिणीला खोटं पाडलं. मावशीने त्याला फोनवर झाडलं. चुलतभावाने नव्या घराचं काम दुसऱ्याला दिलं. ज्या ठेकेदाराकडे तो दहा वर्षं जात होता, तो एकदा हसत हसत म्हणाला, "काय रे, ऐकलं ते खरं का? तुझी बहीणच म्हणते, तू हल्ली घाई करतोस." त्याने चेष्टा केली होती, पण पुढच्या कामावर तो प्रत्येक सांधा स्वतः हात लावून बघत होता.

दोन महिन्यांनी बाइंडरने बोलावलं. दुकानातली हात धुवायची जागा बदलायची होती. जाऊ नये असं त्याला वाटलं, पण त्या माणसाने आपल्याला बोलवावं हे कसं मोडायचं? तो गेला. दुपारपर्यंत काम उरकत आलं होतं. छताला नवा रंग दिला होता. बाइंडर पुठ्ठे कापत होता.

जिन्यावर पावलं वाजली. कुणाची ते त्याला न बघता कळलं. पान्यावरचा हात थांबला. आत येईल, "सोन्या" म्हणेल, भांडेल, रडेल, काहीही करेल. त्याला तेही चाललं असतं. काय बोलायचं, हे गेले कित्येक दिवस तो गाडी चालवताना मनात घोळवत होता.

ताई दारात थांबली. त्याच्याकडे पाहिलं, मग बाइंडरकडे. चेहऱ्यावर ना राग होता, ना लाज. खरीखुरी काळजी होती.

"काका," ती म्हणाली, "काम झालं की एकदा नीट तपासून घ्या हं. आम्हाला अनुभव आहे."

आणि पिशवी सावरत निघून गेली.

बाइंडरने कात्री खाली ठेवली. बिचाऱ्याला कुठे बघावं ते कळेना. "जाऊ द्या," तो पुटपुटला.

प्लंबर तसाच बसून राहिला. ती खोटं बोलत नव्हती. तो रविवार आता तिच्या मनात तसाच घडला होता, जसा तिने लिहून दिला होता. त्यात शाळा नव्हती, टाळ्या नव्हत्या, आणि पाना घेऊन आलेला तो घाईत होता. मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोलायला आता समोर कुणी उरलंच नव्हतं.

त्याने पाणी सुरू केलं, नट कोरडा पुसला आणि थेंब पडला तर दिसावा म्हणून त्याच्याखाली कागद धरला.

"काका, या," तो म्हणाला. "तपासून घ्या."