गुलाबदेवींची पाणपोई

वॉशिंग मशीनने तीनदा पिपाणी वाजवली आणि घरातली शांतता मोडली. उत्कर्षाने श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. यशोधरा कुशीवर वळली, अंगठा तोंडात आहे की नाही याची झोपेतच खात्री करून घेतली आणि पुन्हा निजली. पाच वर्षांची झाली तरी अंगठा सुटत नव्हता. कपडे राहू देत ओले. दुपारचा हा तासभर उत्कर्षाचा स्वतःचा होता, आणि तो वाळत घालण्यात घालवायची तिची तयारी नव्हती.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर शाळेचं सत्र-पत्र. दर सहामाहीला शाळा पालकांना आणि देणगीदारांना दोन पानी पत्र धाडायची: शिक्षक कोण आले, कोण गेले, मुलांची तब्येत कशी आहे, इमारतीला पैसा कुठून मिळाला. वीस वर्षं ते पत्र संस्कृतचे गुरुजी लिहीत. त्यात 'हर्ष का विषय है' हे वाक्य चार ठिकाणी यायचं आणि हर्ष एकाही ठिकाणी सापडायचा नाही. गुरुजी निवृत्त झाले आणि प्राचार्या शेखावत मॅडमनी ते काम विज्ञानाच्या नव्या मराठी बाईंच्या, म्हणजे उत्कर्षाच्या, गळ्यात घातलं.

उत्कर्षा गजभिये मूळची नागपूरची. नवरा मंगेश रेल्वेच्या सिग्नल खात्यात. त्याची बदली झाली तशी दोन वर्षांपूर्वी तिघं जयपूरला आली, जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला. शाळा तिथून पुढे, बस्सीकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

पहिलं पान भराभर झालं. गणिताला अखेर कायमचा शिक्षक मिळाला. ग्रंथपाल बाळंतपणाच्या रजेवर. सफाईच्या दोन जागांपैकी एक दिवाळीपासून रिकामी, सगळा भार एकट्या कलावतीबाईंवर.

दुसऱ्या पानाशी ती थांबली. दुसरं पान तब्येतीचं, आणि तेच तिच्या जिवाला लागलेलं. मागच्या एप्रिलमध्ये प्रार्थनेच्या वेळी नववीच्या दोन मुली चक्कर येऊन पडल्या होत्या. नोव्हेंबरच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी कितीतरी मुलींच्या कागदावर डोकेदुखी आणि लघवीची जळजळ लिहिली. तेव्हा उत्कर्षाने वर्गावर्गात मुलींना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालू नका, म्हणाली, फक्त लिहा, शाळेत दिवसभरात किती पाणी पिता. मुली एकशे बारा, चिठ्ठ्याही एकशे बारा परत आल्या. त्र्याऐंशींवर शून्य होतं.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. मुलींसाठी दोनच संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. एकीने आत जायचं, मैत्रिणीने बाहेरून दार ओढून धरायचं, आणि मग मैत्रिणीचा नंबर येईपर्यंत घंटा व्हायची. त्यापेक्षा पाणीच न पिणं सोपं. हे काम एप्रिलच्या आत झालं नाही तर या उन्हाळ्यातही मुली पडणार होत्या, आणि उत्कर्षाने मनाशी ठरवलं होतं की पडू द्यायच्या नाहीत.

अडचण पैशाची नव्हती, नावाची होती. शाळेत जे काही होतं ते कोणाच्या ना कोणाच्या स्मृतीत होतं. बाकांवर नावं होती, घड्याळावर होतं. पंख्यांच्या पात्यांवरही रंगवलेलं असायचं, त्यामुळे ते दिवंगत कोण हे वीज गेल्यावरच कळायचं. फाटकापाशी संगमरवरी पाणपोई होती, इथले लोक तिला प्याऊ म्हणतात, तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'स्व. गुलाबदेवी'. जौहरी बाजारातले सोहनमलजी, शाळेचे सर्वांत मोठे दाते, त्यांच्या आई. फक्त संडासावर कोणाचं नाव नव्हतं, म्हणून दोनाचे तीन कधी झाले नव्हते.

त्या सकाळी शेखावत मॅडमनी फोनवर घाईत सांगितलं होतं, "सोहनमलजींनी होकार दिलाय, माताजींच्या स्मृतीत. तेवढं टाका पत्रात." कशासाठी होकार दिला ते मॅडमनी सांगितलं नाही आणि उत्कर्षाने विचारलं नाही. महिनाभर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तिने मनापासून लिहिलं: मुलींच्या नव्या स्वच्छतागृहासाठी देणगी दिल्याबद्दल, आणि त्याला आपल्या मातोश्री गुलाबदेवी यांचं नाव दिल्याबद्दल, शाळा सोहनमलजींची ऋणी आहे.

यशोधरा उठायच्या आत तिने ते पाठवून दिलं. संध्याकाळी मॅडमची सही होऊन ते तीनशे चाळीस फोनांवर पोचलं.

सकाळी सातला मॅडमचा फोन आला.

"उत्कर्षाजी, दुसरं पान वाचलंत तुम्ही?"

"मीच लिहिलंय, मॅडम."

"माताजींचं नाव शौचालयावर? अहो, ते गेट देत होते. बावीस फुटी. वर कमान, कमानीवर मोर."

"मोर," उत्कर्षा म्हणाली.

"दोन."

"पण मॅडम, सही केलीत तुम्ही."

"मी पहिलं पान वाचून सही करते. वीस वर्षं दुसऱ्या पानावर काही नसायचं." मॅडमचा आवाज खाली आला. "ते फार दुखावलेत. हात आखडता घेतला तर गेटही गेलं आणि पुढचंही सगळं गेलं. तुम्ही स्वतः जाऊन माफी मागा."

"मागते. पण मागणी मागे नाही घेणार."

"कसली मागणी? मागण्याआधीच आभार मानून मोकळ्या झालात तुम्ही."

मंगेश दाढी करता करता सगळं ऐकत होता. "मी येऊ का सोबत?"

"ये की. तिघं मिळून रांगेत उभे राहू."

"नाही, म्हणजे ड्यूटी आहेच माझी," तो घाईने म्हणाला. "पण तू काहून एवढी खूश दिसतेस? नोकरी जाईल ना बापा."

"खूश नाही. अंदाज घेतेय," उत्कर्षा म्हणाली. घाबरलीच नव्हती असं नाही. पण चिठ्ठ्यांची पिशवी तिने पर्समध्ये घातली, ती कुंकवाच्या डबीसारखी जपून नाही, तर वेळेला उपयोगी पडणाऱ्या छत्रीसारखी.

शनिवारी शाळेला अर्धी सुटी. यशोधराला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून मायलेकी दोघी निघाल्या. चारदीवारीच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या आत ई-रिक्षा जिथवर गेली तिथवर गेली, पुढे चालत. डिसेंबरचं ऊन गल्लीत हातभरच उतरलं होतं. सोहनमलजींची गादी, म्हणजे पेढी, पहिल्या मजल्यावर होती. पांढरीशुभ्र बैठक, तक्के, आणि खिडकीशी सत्तरीचे सोहनमलजी चिमट्याने पाचूचे हिरवे खडे निवडत बसलेले.

"आओ, मास्टरनीजी," ते वर न बघता म्हणाले. चहा आला नाही.

यशोधरा खड्यांच्या ताटाशी वाकली. "आई, हे मटार आहेत?"

सोहनमलजींशी बोलणं हिंदीतच चाललेलं, मराठी त्यांना येत नव्हतं, पण मटार कळलं. त्यांचा चिमटा थांबला. "मटार असते तर भाजी तरी झाली असती, बेटा. पन्ने आहेत. हात नको लावू." मग उत्कर्षाकडे वळून, "गजभिये म्हणजे कोण? महाराष्ट्रातले ब्राह्मण?"

"नाही. आम्ही बौद्ध."

दूरच्या एखाद्या स्टेशनचं नाव ऐकावं तशी त्यांनी मान हलवली.

"तुमच्या आईंचं नाव तुम्हाला न विचारता लिहिलं," उत्कर्षा म्हणाली, "ती चूक माझी एकटीची. मॅडमची नाही. त्याची मी माफी मागते."

"माफी ठीक आहे. पण तीनशे घरांत गेलं ते. माझा व्याही विचारतो, सोहनमल, माँसाहेबांचं नाव कुठे लावताय म्हणे." त्यांचा आवाज चिरला. "पाटीवर गुलाबदेवी, आणि खाली काय? बाण?"

उत्कर्षा हसली नाही. त्यांना खरंच लागलं होतं, आणि आईवरून लागलं होतं. मांडीशी टेकलेल्या यशोधराच्या केसांवरून तिने उगाच हात फिरवला.

"पाणपोई का बांधलीत तुम्ही, सोहनमलजी?"

"का म्हणजे? तिची इच्छा होती. बस्सीच्या पुढचं गाव तिचं. लहानपणी दोन कोसांवरून पाणी आणलं तिने. शेवटी म्हणाली, जिथून पोरं जातात तिथे पाणी ठेव. तहानलेल्याने ओंजळभर प्यायलं की तेवढं पुण्य तिला पोचतं." एवढं बोलून त्यांनी कान धरला, जसं इथली जुनी माणसं गेलेल्या माणसाचं नाव निघालं की धरतात.

उत्कर्षाने पिशवी उघडली आणि चिठ्ठ्या पांढऱ्या गादीवर ओतल्या.

"मुलींनी लिहिल्यात. शाळेत किती पाणी पितात ते. वाचा."

सवयीने सोहनमलजींचा हात आधी भिंगाकडे गेला. मग ते ठेवून त्यांनी चष्मा लावला. एक चिठ्ठी उचलली. "शून्य." दुसरी. "शून्य." तिसरी. "अर्धा ग्लास, तोही पी.टी. असेल तर. शून्य. शून्य." त्यांनी वर पाहिलं. "का? पाणी खराब झालंय? गेल्या महिन्यात फिल्टर बदलला मी."

"पाणी गोड आहे. जयपूरमध्ये त्याहून चांगलं पाणी मी प्यायले नाही."

"मग?"

"प्यायल्यावर जायचं कुठे?"

खालून कोणीतरी हातगाडीवाल्याला बाजूला हो म्हणून ओरडत होतं.

"सहा वर्षं झाली पाणपोईला," उत्कर्षा सावकाश म्हणाली. "मुलगे पितात, मास्तर पितात, रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून पितात. मुली समोरून निघून जातात. दोनच दारं, त्यातल्या एकाला कडी नाही, म्हणून तहान मारतात. ज्या पोरींत तुमच्या आईंना स्वतःचं लहानपण दिसलं असतं ना, त्याच तेवढ्या पीत नाहीत."

सोहनमलजींनी चिठ्ठ्या वाचणं थांबवलं नाही. एकेक उचलून, वाचून, उजवीकडे ठेवत राहिले, खड्यांसारख्या, शून्यांचा ढीग वेगळा. एका चिठ्ठीवर कोणीतरी लिहिलं होतं, 'घरी जाऊन तीन ग्लास पिते, मग जेवण जात नाही.' ती त्यांनी दोनदा वाचली. मग बैठकीखालची घंटा दाबली आणि चहा सांगितला. यशोधरासाठी दूध, वर मलई.

"मोर नकोत म्हणता," ते म्हणाले.

"फाटक आहे की आपल्याला. उघडतं, लागतं. कडीसुद्धा आहे."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तिथे नाव लावणार नाही मी. हे पक्कं. आणि पत्रात तो शब्दही नको."

"काय लिहू?"

त्यांनी विचार केला. "लिहा, पाणपोईचं राहिलेलं काम."

"गुलाबदेवींच्या पाणपोईचं राहिलेलं काम," उत्कर्षा म्हणाली. ऐकायला ते इतकं बरोबर वाटलं की सोहनमलजींनी ते स्वतःशी एकदा पुटपुटून पाहिलं.

"किती लागतील? चार?"

"आठ."

"आठ कशाला?"

"मुली एकशे बारा आहेत, आणि मधली सुटी वीस मिनिटांची. आठ, आठांना आतून कडी, आणि वर टाकी. होळीच्या आत. उन्हाळा वाट बघत नाही."

"मास्टरनीजी," सोहनमलजी चष्मा काढत म्हणाले, "तुम्ही माफी मागायला आला होतात."

"मागितली की. सगळ्यात आधी."

परत निघाल्या तेव्हा गल्लीतलं ऊन वरच्या सज्जांवर चढलं होतं. ई-रिक्षात बसल्या बसल्या उत्कर्षाने मॅडमना फोन लावला.

"काय झालं? मोर?" मॅडमनी विचारलं.

"उडाले."

पलीकडून मॅडमचं कधी न ऐकलेलं हसणं. "नवं दुसरं पान आज संध्याकाळी पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी मी वाचणार आहे."

उत्कर्षाने फोन पर्समध्ये टाकला. मनात पत्राची वाक्यं आपोआप जुळत होती. हर्षाचा विषय आहे, असं एकदा तरी लिहायला हरकत नव्हती. यशोधरा मलईची मिशी तशीच ठेवून तिच्या कुशीत शिरली. तिचं डोकं उन्हाने गरम झालं होतं, नाकाला खोबरेल तेलाचा वास येत होता.

"आई, तू त्या बाबाजींशी भांडलीस?"

"नाही गं. शाळेतल्या दीदी पाणी पीत नव्हत्या ना, आता पितील. त्याची गोष्ट केली."

"मतलब, सगळ्या पिणार? फाटकाजवळचं?"

"सगळ्या."

"कलावती मावशी पण?"

शनिवारी उत्कर्षाचे तास चालू असले की यशोधरा कलावतीबाईंच्या मागे मागे फिरायची. दोघींचं चांगलं जमायचं.

"ती तर आत्ताही पीत असेल," उत्कर्षा म्हणाली.

"नाही पीत. ती मागच्या नळाचं पिते, स्वतःच्या बाटलीत भरून. मी म्हटलं, मावशी चल ना, तिकडे थंडवालं आहे. तर म्हणाली, तू जा बेटा, वो हमारे लिए नहीं है. ती तिकडे लांबूनच झाडते. हात नाही लावत."

रिक्षा सांगानेरी दरवाजातून बाहेर पडली. एकशे बारा चिठ्ठ्या उत्कर्षाने स्वतःच्या हातांनी फाडल्या होत्या, वाटल्या होत्या, मोजल्या होत्या. एकशे तेरावी फाडायचं तिला सुचलं नव्हतं. आणि सुचायला हवं होतं ते तिलाच, शाळेत दुसऱ्या कोणालाही सुचायच्या आधी.

यशोधराने अंगठा तोंडातून काढला आणि मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, तिला असं कोणी सांगितलं?"